कापणीतले पालथे दिवस

गेल्या आठवड्यापासून वाऱ्याला कापलेल्या भाताचा वास यायला लागलाय. दवात भिजलेला पेंढा उन्हानं तापला की येतो तो, जरा गोड, जरा उग्र. सकाळी मुरबाडच्या एसटीची वाट बघत शेणव्याच्या नाक्यावर उभी असते, तेव्हा दोन्ही बाजूंची खाचरं अर्धी पिवळी, अर्धी उघडी दिसतात. उघड्या भागात कापलेलं भात ओळीनं आडवं पडलेलं. शाळेत पोचेपर्यंत साडीला तो वास चिकटून राहतो. वर्गातल्या पोरींच्या केसांनाही तोच असतो.

या वासानं बाकीच्यांना नव्या तांदळाची भाकरी आठवत असेल. मला जमीन आठवते. आमच्या पडवीची, शेणानं सारवलेली, माझ्या नाकापासून हातभर खाली असलेली जमीन. तीन वर्षांपूर्वीची अख्खी कापणी मी त्या जमिनीकडे बघत काढली.

लहानपणापासून मला जाड भिंगांचा चष्मा. माहेरी सगळे ‘बाटलीचं बूड’ म्हणायचे. त्या वर्षी सहामाहीचे पेपर तपासत बसले होते आणि उजव्या डोळ्याच्या कडेला सारखी वीज चमकल्यासारखी व्हायची. पाऊस परतीचा होता, वाटलं बाहेरच चमकतेय. मग डोळ्यासमोर काजळीचे तुकडे तरंगायला लागले. म्हटलं, चष्मा पुसायला हवा. पुसला. तुकडे तिथंच. आणि एका सकाळी चुलीवरच्या चहाच्या पातेल्याकडे बघत होते, तर पातेलं अर्धंच होतं. नाकाच्या बाजूनं एक काळी सावली वर सरकत आली होती आणि तिच्या मागचं काहीच दिसत नव्हतं. डावा डोळा मिटला की अर्धं घर जायचं.

“अहो,” मी नवऱ्याला हाक मारली, “मला पातेलं दिसत नाय.”

दत्ता आसनगावच्या कारखान्यात पाळीवर जातो. त्या दिवशी त्यानं पाळी बुडवली आणि मोटरसायकलवरून मला शहापूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात औषध घातलं, बराच वेळ आत बघितलं आणि त्यांचं बोलणंच थांबलं. नंतर म्हणाले, “आजच कल्याणला जा. घरी जाऊन कपडे वगैरे काही घेत बसू नका.”

कल्याणच्या डॉक्टरीणबाई माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होत्या. त्यांनी समजावून सांगितलं, “डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो. तो सुटलाय. ओल धरली की भिंतीचा गिलावा सुटतो ना, तसा. परत चिकटवायचा तर ऑपरेशन करायला हवं, आणि उद्याच.”

ऑपरेशनमध्ये मी जागी होते. डोळा बधिर होता, पण उजेड कळत होता. उजेडात काळ्या सुया हलायच्या, पाण्यातल्या बारीक माशांसारख्या. मी भ्यायले नव्हते असं सांगणार नाही. पण भीतीत एक गोष्ट चांगली झाली. मी लिहिलेल्या कादंबरीतली नायिका काशी, ती नदी ओलांडताना काय बघते, ते वाक्य मला कित्येक महिने सापडत नव्हतं. तिथं त्या टेबलावर सापडलं. विसरू नये म्हणून मी ते मनात घोकत राहिले. नर्सला वाटलं मी देवाचं नाव घेतेय.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खरी गोष्ट सांगितली. “डोळ्यात वायू भरलाय. तो वर चढतो. पडदा मागे आहे, म्हणून तुमचं तोंड जमिनीकडे पाहिजे, म्हणजे वायू पडद्याला दाबून धरेल. जेवताना, झोपताना, बोलताना, कायम मान खाली. निदान दोन आठवडे. आणि वायू पूर्ण विरेपर्यंत घाट चढायचा नाही. उंचावर तो फुगतो, डोळ्यातला दाब वाढतो, मग डोळा हाती लागत नाही.”

“वायू विरायला किती दिवस?”

“दीड-दोन महिने धरा.”

मी मान खाली घालूनच हिशोब केला. माझं माहेर माळशेजच्या वर, जुन्नरकडे. तुळशीचं लग्न झालं की भावाच्या मुलीचं, चैतालीचं लग्न होतं. ती लहान असताना वर्षभर माझ्याजवळ शेणव्यात राहिलेली. हळदीला पहिला हात आत्याचा, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

घरी आलो तर खळ्यावर पहिले भारे येऊन पडले होते. आणि पडवीत, खुंटीला लावलेल्या पिशवीत, पुण्याहून छापण्याआधी तपासायला आलेली माझ्या पहिल्या कादंबरीची मुद्रितं होती.

*

दत्तानं नवाराची खाट पडवीत ओढली. डोक्याकडच्या पट्ट्या सोडून चेहरा मावेल एवढी जागा केली, कडेनं जुनं धोतर गुंडाळलं. मी पालथी पडले आणि त्या खिडकीतून खाली बघितलं. तिथून पुढं तेच माझं जग.

जमिनीत इतकं काही असतं याची मला कल्पना नव्हती. सारवताना उमटलेल्या बोटांच्या अर्धगोल रेषा. त्या रेषांत अडकलेला एखादा कोंड्याचा कण. एक मुंगी भाताचा दाणा ओढत यायची आणि रेषेच्या कडेशी आली की दाणा सोडून आधी पलीकडे काय आहे ते बघून यायची. कोंबडी खाटेखाली शिरून मान वाकडी करून वर माझ्याकडे बघत उभी राहायची. आणि पाय. सगळी माणसं मला पायांवरून कळायला लागली. दत्ताच्या टाचा फुटलेल्या, त्यांत कारखान्याचं काळं बसलेलं. सासऱ्यांचा उजव्या पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला वळलेला. डोळखांबकडून कापणीला आलेल्या सोमीच्या पायात जाड जोडवी, चालताना एकमेकांना लागून वाजायची. भेटायला येणारा आधी उभाच राहायचा, मग लक्षात यायचं की असं उभ्यानं बोलून भागणार नाही, आणि खाली मांडी घालायचा. शाळेचे मुख्याध्यापक आले तेही पँटची घडी सांभाळत खाली बसले आणि म्हणाले, “पेपरांची काळजी करू नका, आम्ही वाटून घेतलेत.”

मान दुखायची. मग खांदे, मग पाठ. चहा नळीनं प्यायचा. भाताचा घास खालून वर तोंडात ढकलायचा. मेलेल्या गुरासारखी पडलेय असं वाटून एका दुपारी मला फार राग आला. कुणाचा ते कळेना. त्या रागातच मी म्हटलं, “अहो, ती पिशवी काढा खाली.”

“कसली?”

“मुद्रितांची.”

“डोकं फिरलंय काय तुझं? पुस्तक काय पळून जाणार हाय?”

प्रकाशकबाईंनीही फोनवर हेच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही विश्रांती घ्या, आमच्याकडे वाचून घेतो. त्यांचं मन चांगलं होतं. पण मागं माझी एक कथा अशीच कुणी तरी परस्पर वाचली होती, आणि छापून आली तेव्हा तिच्यातल्या आमच्या बायका पुण्यातल्या बायकांसारख्या बोलत होत्या. ती वाचून मला घरातली माणसं अनोळखी झाल्यासारखं वाटलं होतं. ही कादंबरी तर धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या एका पाड्याची. त्या माणसांचं गाव गेलंच होतं. निदान बोलणं तरी त्यांचंच राहायला हवं होतं.

मी दत्ताला म्हटलं, “डोळा गेला तर दुसरा हाय. पुस्तक चुकीचं छापलं तर ते तसंच राहील.”

त्याचे पाय तिथंच थांबले होते. मग म्हणाला, “पर वाचणार कोण? मला दुपारची पाळी हाय.”

“मी वाचतो की,” पलीकडून नाना म्हणाले.

*

नाना म्हणजे माझे सासरे. शहापूर डेपोत त्यांनी जन्मभर कंडक्टरकी केली. सासूबाई गेल्यापासून घरात ते कमीच बोलायचे, पण बोलले की शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल असं. हळू आवाज त्यांना नव्हताच. माझं लिहिलेलं त्यांनी कधी वाचलं नव्हतं. मासिकात माझा फोटो आला की तेवढा बघायचे.

खाटेशेजारी पाट टाकून ते बसले. मी सांगितलं, “नाना, नुसतं वाचू नका. स्वल्पविराम, पूर्णविराम, सगळं म्हणा. जसं छापलंय तसं.”

आणि त्यांनी सुरुवात केली. समोर खळ्यावर झोडणी चाललेली. भाताचा भारा लाकडावर आपटल्याचा धप् धप् आवाज, आणि त्यावरून नानांचा: “काशीनं दार लोटलं स्वल्पविराम आणि ती पायरीवर बसली पूर्णविराम!”

दोन पानं झाली. मग त्यांनी वाचलं, “‘मी येणार नाही पूर्णविराम’.”

“थांबा नाना. ‘नाही’ छापलंय?”

“नाही छापलंय.”

“छापलंय की नाय?”

“नाही छापलंय गो!”

“म्हणजे ‘नाय’ छापलंय?”

“अगो, ‘नाही’ छापलंय! न ला काना, ह ला दुसरी वेलांटी!”

खळ्यावरची झोडणी हसण्यानं थांबली. मला हसताना मान वर करायची बंदी, मी खाटेच्या भोकात तोंड घालून हसत होते. सोमीची जोडवी वाजत जवळ आली. ती म्हणाली, “हा पूर्णविराम कोण गो बाय? घडीघडीला येतो.” ती गालात हसत विचारत होती की खरंच, ते मला दिसत नव्हतं.

पण काम मी धरलं. नानांनी प्रत्येक पानावर माझ्या सांगण्याप्रमाणे लाल पेनानं खुणा केल्या. मला एक नवीन गोष्ट कळली. डोळ्यांनी वाचताना मी माझीच वाक्यं ओळखीची म्हणून पुढं ढकलत होते. कानांनी तसं होत नव्हतं. एखादं वाक्य उगाच लांबलेलं असलं की नानांचा दम पुरायचा नाही; मी ते तिथंच तोडायला सांगायचे. ऑपरेशनच्या टेबलावर सापडलेलं वाक्यही त्यांच्याकडून समासात लिहून घेतलं. रोज सकाळी ऊन पडवीत यायच्या आधी एक फेरी, दुपारी जेवण झाल्यावर दुसरी. दुपारच्या वेळेला खळ्यावरची माणसं भाकरी सोडून पडवीच्या कडेला येऊन बसायची. समोर पायांची रांग. “मग म्होरं काय झालं?” हे मी माझ्या लिहिण्याबद्दल कुणी विचारलेलं पहिल्यांदा ऐकलं.

एके ठिकाणी काशी आणि नावाडी नदीकाठी भेटतात. नाना वाचत वाचत तिथं आले, घसा खाकरला, पान उलटलं, परत मागं घेतलं. मग म्हणाले, “या चार वळी तू नंतर बघ.” आणि पुढचा परिच्छेद दुप्पट मोठ्यानं सुरू केला. पायांच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, “नाना, गाडी थांबा सोडून पुढं गेली!”

आणि एक दुपार. कादंबरीतल्या पाड्याला मी करंजपाडा नाव दिलं होतं. त्या नावाचा एक पाडा खरंच पाण्याखाली गेला होता. नाना वाचत होते, “करंजपाडा फाट्यावर शेवटची गाडी थांबली पूर्णविराम.” पुढं आवाज नाही. मला त्यांचा फक्त तो वळलेला अंगठा दिसत होता. तो आत मुडपला होता.

“नाना?”

“काय नाय.” मुडपलेला अंगठा सुटला. “माझी गाडी व्हती ती. त्या रूटला मीच व्हतो. शेवटच्या दिवशी एक म्हातारी बिगर तिकिटाची बसली. मी मागितलंच नाय.”

मला हे ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून, त्याच गावावर पुस्तक लिहून, मला ठाऊक नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी पूर्ण आवाजात हाळी दिली, अगदी दारात लोंबकळून देत असतील तशी: “करंजपाडा! चला, करंजपाडावाले उतरून घ्या!”

झोडणी थांबली. कुणी हसलं नाही. मग त्यांनी पान उलटलं आणि वाचायला लागले.

*

चैतालीच्या लग्नाचं काय करायचं, हे डोक्यातून जात नव्हतं. तोवर पालथं पडायचे दिवस संपणार होते, पण डोळ्यात वायू असणारच होता. मी दत्ताला म्हटलं, “माळशेजनं नको तर कसाऱ्यावरून जाऊ. नायतर कर्जतकडून.” नाना म्हणाले, “कुठनं पण जा, वर चढावंच लागतं. घाटाबिगर रस्ता असता तर यष्टीनं आधीच शोधला असता.” तरी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे विचारलं, “लग्नाचे फोटो दोन्ही डोळ्यांनी बघायचेत ना?”

चैतालीला फोन लावून सांगितलं. ती रडली, मीही. रडतानासुद्धा मान खालीच. थेंब सरळ जमिनीवर पडायचे आणि शेणाच्या सारवणात मुरायचे.

दोन दिवसांनी दुपारी पडवीत अनोळखी पाय आले. नऊवारीचा काठ, पायात नव्या चपला. चपला काढल्या आणि मी ओळखले. करंगळी जरा बाजूच्या बोटावर चढलेली, माझ्यासारखीच.

“आई?”

“तू वर येत नाहीस तर मी खाली आले,” आई म्हणाली.

माळशेजचा घाट उतरून, टोकावड्याला गाडी बदलून, गुडघे धरत ती आली होती. दहा दिवसांवर लग्न, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ही इथं. तिनं खाटेभोवती एक फेरी मारली. माझ्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, “तुझं तोंड कुठंय पण?”

“खाली.”

तिनं नानांकडून गोधडी मागून घेतली, खाटेखाली अंथरली, आणि सत्तरी ओलांडलेली माझी आई एक हात टेकत, दुसऱ्या हातानं पदर सावरत खाली सरकली, पाठीवर उताणी झाली. माझ्या खिडकीत तिचा चेहरा आला. हातभर अंतरावर. इतक्या जवळून तिला मी कधी बघितलं असेल, आठवत नाही. डावा डोळाच चालू होता, पण तो पुरला. कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचा पांढरा केस.

“सुजलाय गं डोळा,” ती म्हणाली. “दुखतंय?”

“मान दुखते.”

“मग नीट ठेव. एवढं केलंस, आता थोडक्यासाठी वर उचलू नको.”

दुपारभर ती तशीच पडून होती. साड्या कुणाला कुठल्या, आचारी कुठला, चैतालीची सासू स्वभावानं कशी वाटते, सगळं सांगितलं. मधेच पिशवीतून वाटी काढली. तिच्यात भिजवलेली हळद होती. माझं बोट धरून तिनं वाटीत बुडवलं आणि आपल्या रुमालावर टेकवलं. “हा तुझा हात. पोरीला पहिला हाच लावीन.” मग सहज आठवल्यासारखी म्हणाली, “नाना काय वाचतात ते वाचू दे की. मलाबी ऐकू दे.”

नाना जरा बिचकले. विहिणबाईंपुढं त्यांचा आवाज खाली आला, आयुष्यात पहिल्यांदाच असेल. पण दोन ओळींत परत चढला.

*

मुद्रितं वेळेत पुण्याला गेली. प्रकाशकबाईंचा फोन आला, “इतके ‘नाय’ वाचकाला अडखळवतील असं नाही का वाटत?”

“माझे सासरे मोठ्यानं वाचत होते,” मी म्हटलं, “आणि खळ्यावर माणसं ऐकत होती. कुणी अडखळलं नाही. ‘नाय’ राहू दे.”

राहिलं.

मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा उजव्या डोळ्यात पाण्याची पातळी दिसावी तशी एक आडवी रेघ होती. रेघेखाली सगळं राखाडी, चालले की हिंदकळायचं. रोज ती थोडी थोडी खाली उतरत गेली. आधी छपराची कौलं दिसली, मग दाराची चौकट, मग माणसांची डोकी, मग चेहरे. इतके दिवस पायांवरून ओळखलेली माणसं आता वरून खाली दिसत येत होती. शेवटी वायूचा एक गोळा उरला, मण्याएवढा, आणि एका सकाळी तोही नव्हता. तोवर खळं झाडून झालं होतं, पेंढ्याची उडवी रचून झाली होती, चैताली सासरी गेली होती.

डोळा पूर्वीसारखा झाला नाही. पुढं त्यात मोतीबिंदू आला, तोही काढला. फळ्यावर मी सरळ आखलेली रेघ त्या डोळ्याला वाकडी दिसते. पोरी सांगतात, “बाई, सरळच हाय,” आणि मी विश्वास ठेवते. पण दिसतं. पडदा चिकटलाय.

या वर्षीच्या तपासणीला गेल्याच सोमवारी कल्याणला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी या खेपेला डावा डोळा जास्त वेळ बघितला. त्यांचंही बोलणं थांबलं, तेव्हाच मला कळलं. पडदा एका ठिकाणी विरळ झालाय. अजून फाटलेला नाही. “लगेच लेसर करून टाकू, म्हणजे कडेनं पक्का होईल. मात्र उद्याच काही होणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही.” मी विचारलं, “आज होईल का?” त्यांनी खुर्ची पुढं ओढली. हिरवा उजेड, टक् टक् टक्. डोळ्याच्या मागं कुणी खिळे ठोकावेत तसं.

बाहेर आले तर औषधानं बाहुल्या मोठ्या झालेल्या. आसनगावहून शेणव्याला येईपर्यंत खाचरांकडे बघवेना, सगळं पिवळं पांढरं होऊन डोळ्यात घुसत होतं. घरी आल्यावर पुस्तक समोर धरलं तर मुंग्यांची रांग. वाचायचं जमणार नव्हतं. पण नव्या कादंबरीचं पुढचं प्रकरण सकाळपासून डोक्यात तयार होतं, आणि रात्रीत ते उडून जाईल याची मला खात्री होती. पाठकोरे कागद घेतले, पडवीत भिंतीला टेकून बसले, डोळे मिटले आणि दिवेलागणीपर्यंत लिहीत गेले.

सकाळी दत्ता चहा घेऊन बसला होता, त्यानं कागद उचलले. ओळी एकमेकींवर चढलेल्या, काही कागदाच्या कडेवरून खाली गेलेल्या, एका जागी तीन शब्दांचा एक ठिपका. त्यानं कागद उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला.

“हे काय लिवलंस?”

“नववं प्रकरण.”

“तुला तरी वाचता येतंय काय?”

“नाय,” मी म्हटलं, “पण काय लिवलंय ते ठाऊक हाय. द्या इकडं, आज नीट उतरून काढते.”